बाप त्रेपन्नाव्या वर्षी गेला, मग माझं काय?

"आमच्या घरची गडीमाणसं साठी पाहत नाहीत, मग माझे किती दिवस राहिले?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणी छातीत धडधडतं म्हणून येतं, कुणी झोप लागत नाही म्हणून. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करते. ज्या शेतकरी भाऊंबद्दल सांगते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.

वय 51, जन्म 1973चा. कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. त्यांना बायकोनंच आणलं होतं. ती म्हणाली, रात्री उठून बसतात, पोरीचं कॉलेज सोडवून लग्नाची घाई लावली आहे, आणि वावर आत्ताच भावाभावांत वाटून टाका म्हणतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या बरोबरीचा एक मित्र गेला, तेव्हापासून हे सुरू झालं होतं.

"मॅडम, बाप त्रेपन्नाव्या वर्षी गेला. आजा त्याच्याही आधी. आता माहा नंबर," ते म्हणाले आणि खिशातून पेपरचं कात्रण काढलं. 1970-75 या काळात महाराष्ट्रात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान 53.8 वर्षं होतं, असं त्यात छापलेलं. "मी त्याच वर्षांतला. हे पाहा, लिहूनच आहे."

आमच्या भागात शेतकऱ्याच्या तोंडून 'माझे दिवस भरले' असं ऐकलं की मी आकड्यांकडे नंतर जाते. आधी सरळ विचारते: "भाऊ, मरण येईल याची भीती वाटते, की स्वतःच जीव द्यावा असं मनात येतं?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते चटकन म्हणाले, "नाही नाही, मले तं जगायचं हाय." उत्तर दुसरं आलं असतं तर आमचं बोलणं वेगळ्याच वाटेनं गेलं असतं. तसे विचार येत असतील तर 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर कुठल्याही वेळी बोलता येतं, फोन मोफत असतो.

मग कात्रण घेतलं. मी कागदावर दोन भाऊ लिहिले. एक जन्मला आणि लगेच गेला, दुसरा 80 वर्षं जगला. सरासरी किती? "चाळीस." चाळिसाव्या वर्षी गेला कोण? ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. "कोनीच नाही."

त्या 53.8चं असंच आहे. 1971 साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 105 बाळं वर्षाच्या आत जात होती. 2020 मध्ये हा आकडा 16वर आला. सरासरी खाली ओढली होती ती मुख्यतः लेकरांच्या मरणानं. जो तेव्हाही साठीला पोचला, त्याला देशाच्या हिशोबानं आणखी जवळपास 14 वर्षं मिळत होती, आता साधारण 18 मिळतात. राज्याचं सरासरी आयुर्मान 2014-18 मध्ये 72.5 झालं. करोनाच्या वर्षांत देशाचा आकडा किंचित घसरला, म्हणजे ही चढण सरळ नाही. पण जन्माच्या वेळचा आकडा ही कुणाच्या कपाळावर लिहिलेली तारीख नसते, आणि 1973 साली जे घडत होतं तेच आयुष्यभर घडत राहील असं धरून तो काढलेला असतो. तसं घडलं नाही. लसी आल्या, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. आमच्याच विदर्भातल्या गडचिरोलीत तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथल्या कामाच्या गावांत बालमृत्युदर 1988 मधल्या 121वरून 2003 मध्ये 30वर आला. मला या कामाचा फार अभिमान वाटतो, म्हणून हे मी सगळ्यांनाच सांगते.

पुढच्या वेळी त्यांना आईला सोबत आणायला सांगितलं. घराण्याचा तक्ता काढायला बसलो, प्रत्येक नावापुढे वय आणि कारण. आज्याला पटकी झाली, एका रात्रीत गेला. काकाला वावरात साप चावला. बापाला लकवा मारला. बीपी होतं, गोळ्या कधी घेतल्या नाहीत. तीन माणसं आणि तीन निराळी कारणं. मग म्हातारी तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "याच्या आंधी माहे दोन लेकरं गेले, ते काहून नाही लिवले? एक गोवरानं, एक आठव्या दिवशी." भाऊंना त्यातलं एक माहीतच नव्हतं. "अन् तुही आजी? ते तं ऐंशी पार करून गेली." घरात फक्त गडी मोजले जात होते, आणि तेही लवकर गेलेलेच.

मी त्यांना 'काही होत नाही' असं म्हटलं नाही, कारण ते खरं ठरलं नसतं. बापाला कमी वयात लकवा झाला असेल तर मुलाचा धोका वाढतो. त्यांचं बीपी तपासलं, 160/100. काही दिवसांनी पुन्हा तपासलं, तरी तसंच. वर दिवसभर खर्रा चालू. चौकातल्या पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो तोच, सुपारी-तंबाखू-चुन्याचा. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्या गावच्या उपकेंद्रात फुकट मिळतात. माझ्या मते अशा घरांत भीतीला नुसता दिलासा देणं पुरत नाही, तिला काम द्यावं लागतं: बीपी, साखर, खर्रा, मीठ.

झोपेसाठी आम्ही एवढंच ठरवलं की रात्री धडधड झाली तर तक्ता उघडायचा, बापाच्या नावापुढचं कारण वाचायचं आणि आजची गोळी घेतली का ते पाहायचं. पोरीचं लग्न आता पदवीनंतर. वावराची वाटणी थांबली आहे. खर्रा कमी झाला, सुटलेला नाही, त्यावर अजून बसतो आहोत. बापाच्या श्राद्धाच्या आसपास झोप पुन्हा उडते. धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे, वय 46, त्यानं बीपी कधीच मोजलेलं नाही. दिवाळीला तो गावी येईल तेव्हा त्याला सोबत घेऊन या, असं मी सांगून ठेवलं आहे.