ठरवलेल्या वयापर्यंत लोक खरोखर काम करतात का?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: तुमचे वय ५६ आहे, एका कारखान्याच्या देखभाल विभागात तुम्ही पर्यवेक्षक आहात, वयाच्या ६७व्या वर्षापर्यंत पगार चालू राहील असे धरून तुम्ही बचतीचा हिशेब बसवला आहे, आणि साठीनंतरचा पगार हातात आहे असे समजून चालू नये, असे तुमच्या पत्नीचे म्हणणे आहे. लोक जेवढी वर्षे काम करायचे ठरवतात तेवढी प्रत्यक्षात करतात का, असे तुम्ही विचारले आहे.

पुष्कळ लोक करत नाहीत. ज्यांचा अंदाज चुकतो त्यांपैकी बहुतेकांचा तो एकाच दिशेने चुकतो, म्हणजे काम ठरल्यापेक्षा आधी थांबते. मी मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम केले आणि निवृत्तीची कागदपत्रे पूर्ण करून घेणे हा त्या कामाचा मोठा भाग होता; त्यामुळे हा विषय मी अभ्यासातूनही पाहिला आहे आणि टेबलासमोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरही. दोन्हींवरून माझे मत असे झाले आहे की तुमच्या पत्नीने उपस्थित केलेली शंका तुमच्या हिशेबाच्या केंद्रस्थानी असायला हवी.

या बाबतीत सर्वांत अधिक उद्धृत होणारी माहिती अमेरिकेतील आहे. एम्प्लॉयी बेनिफिट रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था १९९१पासून दरवर्षी नोकरदारांना आणि निवृत्तांना त्यांच्या अपेक्षा व अनुभव विचारत आली आहे. अलीकडच्या वर्षांत नोकरदारांनी सांगितलेले अपेक्षित निवृत्तीचे मध्यक वय (म्हणजे निम्म्यांचे उत्तर ज्याच्या खाली आणि निम्म्यांचे वर येते ते वय) ६५ राहिले आहे, तर निवृत्तांनी सांगितलेले प्रत्यक्ष मध्यक वय ६२. निवृत्तांपैकी जवळजवळ निम्मे लोक आपण ठरवल्यापेक्षा लवकर थांबलो असे सांगतात; ठरवल्यापेक्षा उशिरा थांबलेले फारच थोडे असतात. निवृत्तीनंतरही काहीतरी मोबदल्याचे काम करू, असे सुमारे तीन-चतुर्थांश नोकरदार म्हणतात, परंतु तसे काम केल्याचे सांगणारे निवृत्त दहांत तीनच्या आसपास असतात. हा दुसरा फरक मला पहिल्यापेक्षा अधिक चिंताजनक वाटतो, कारण पगार थांबला तरी लहानसहान काम मिळेलच, या भरवशावर अनेकांचा राखीव हिशेब उभा असतो.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक काळजी घ्यावी लागते. आज अपेक्षा सांगणारे आणि आज अनुभव सांगणारे हे दोन वेगळ्या पिढ्यांचे लोक आहेत. शिवाय जे उशिरापर्यंत काम करणार आहेत ते अजून निवृत्त झालेलेच नसल्यामुळे निवृत्तांच्या उत्तरांत त्यांची गणना होत नाही. त्यामुळे ६५ आणि ६२ यांतील तीन वर्षांचे अंतर जसेच्या तसे प्रत्येकाला लागू करणे बरोबर ठरणार नाही. म्हणूनच त्याच माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवणारे अभ्यास महत्त्वाचे आहेत. मिशिगन विद्यापीठाने १९९२मध्ये ५१ ते ६१ वयोगटातील लोकांपासून सुरू केलेल्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’मध्ये ‘तुम्ही केव्हा निवृत्त होणार’ एवढेच न विचारता, वयाच्या ६२नंतर आणि ६५नंतर तुम्ही पूर्णवेळ काम करत असण्याची शक्यता शून्य ते शंभर यांपैकी किती, असे विचारले जाते आणि दर दोन वर्षांनी त्याच लोकांकडे पुन्हा जाऊन प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले जाते. समूह म्हणून लोकांची ही उत्तरे बरीच अर्थपूर्ण ठरतात. ज्यांनी जास्त शक्यता सांगितली ते सरासरीने जास्त काळ काम करतात. मात्र एकेका माणसाच्या बाबतीत उत्तर आणि वास्तव यांत मोठे अंतर पडू शकते, आणि बरेच लोक शून्य, पन्नास किंवा शंभर असे गोल आकडेच सांगतात, यावरून या प्रश्नाचा विचार मनात अजून पक्का झालेला नसतो, हेही दिसते.

याच संदर्भात अर्थशास्त्रज्ञ डग्लस बर्नहाइम यांनी १९८९मध्ये मांडलेला एक निष्कर्ष तुमच्या प्रश्नाला नेमका भिडतो. निवृत्तीचे अपेक्षित वय विचारले असता लोक मनातील सर्व शक्यतांची सरासरी सांगत नाहीत, तर त्यांना सर्वांत संभाव्य वाटणारे एकच वर्ष सांगतात. तुम्ही ६७ म्हणता तेव्हा ‘सगळे ठीक चालले तर ६७’ असाच त्याचा अर्थ असण्याची शक्यता मोठी आहे. तो अंदाज त्या अर्थाने चुकीचा नाही. अडचण अशी की ६७च्या पलीकडे जाण्याच्या वाटा थोड्या आहेत आणि अलीकडे थांबवणाऱ्या वाटा पुष्कळ, त्यामुळे सर्व शक्यता एकत्र धरल्यास मधला आकडा ६७पेक्षा बराच खाली येतो.

ठरल्यापेक्षा आधी थांबवणाऱ्या कारणांत प्रकृती पहिली येते. अर्थशास्त्रज्ञ कॅथलीन मॅकगॅरी यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रकृतीत झालेल्या बदलाचा काम चालू ठेवण्याच्या अपेक्षेवर होणारा परिणाम उत्पन्नातील किंवा संपत्तीतील बदलाच्या परिणामापेक्षा मोठा असल्याचे दाखवले होते. देखभालीच्या कामात शिडीवर चढणे, वाकणे, रात्रपाळी, आवाज आणि उष्णता हे सारे असते. पर्यवेक्षक झाल्यावर हातोडा खाली ठेवता येतो, पण यंत्र बंद पडल्यावर तेथे उभे राहणे काही टळत नाही. येथे मोठा आजारच यावा लागतो असेही नाही. गुडघा, कंबर, दृष्टी किंवा रक्तदाब यांपैकी एखादी गोष्ट थोडी बिघडली आणि कामाची पद्धत मात्र तीच राहिली, तर माणूस घरी राहण्याइतका आजारी नसतो आणि पाळी पूर्ण करण्याइतका धडधाकटही नसतो. माझ्या पाहण्यात ज्यांनी ठरल्यापेक्षा लवकर कागदांवर सह्या केल्या, त्यांतील अनेक जण याच मधल्या अवस्थेत होते. त्यांना हलके काम देता आले असते तर ते आणखी काही वर्षे आनंदाने राहिले असते, याबद्दल मला शंका नाही.

दुसरे कारण नोकरीच जाणे हे आहे, आणि त्याचे प्रमाण लोकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. अर्बन इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संशोधन संस्था आणि प्रोपब्लिका ही वृत्तसंस्था यांनी २०१८मध्ये वर उल्लेखलेल्या मिशिगनच्या माहितीचेच विश्लेषण केले. पन्नाशीत प्रवेश करताना दीर्घकाळच्या, पूर्णवेळ नोकरीत असलेल्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढे कधी ना कधी, स्वतःच्या इच्छेने नव्हे तर मालकाच्या बाजूने घडलेल्या कारणामुळे, ती नोकरी सोडावी लागली असे त्यांना आढळले. आणि अशा लोकांपैकी साधारण दहांत एकालाच पुन्हा पूर्वीइतकी कमाई मिळाली. अमेरिकेत ४० वर्षांवरील नोकरदारांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा १९६७पासून आहे, आणि १९८६मधील दुरुस्तीने बहुतेक नोकऱ्यांतील सक्तीचे निवृत्तिवयही रद्द झाले. म्हणजे वरची मर्यादा कायद्याने काढून टाकली, तरी खालून होणारी गळती थांबली नाही. त्यासाठी कोणाला थेट काढावेही लागत नाही: विभाग दुसरीकडे हलवला जातो, दोन पदांचे एक केले जाते, स्वेच्छानिवृत्तीची योजना अशा शब्दांत समोर ठेवली जाते की नाही म्हटल्यास पुढच्या वेळी हीसुद्धा रक्कम मिळणार नाही, हे माणसाला न सांगताच कळते. नंतर तोच माणूस ‘मी निवृत्त झालो’ असे सांगतो, कारण ते सांगणे त्याला अधिक सन्मानाचे वाटते. त्याचा मला पूर्ण आदर आहे. फक्त त्यामुळे या गोष्टीचे खरे प्रमाण शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि मागून येणाऱ्या सहकाऱ्यांना कधी दिसत नाही.

तिसरे कारण घरातील कोणाची तरी शुश्रूषा करावी लागणे, आणि ही जबाबदारी बहुतेक वेळा स्त्रियांवर येते. तुमच्या पत्नीही नोकरी करत असतील, तर त्यांच्या पगाराची वर्षेही याच दृष्टीने मोजा. शिवाय पती-पत्नी शक्य असल्यास एकमेकांच्या जवळपासच्या काळात काम थांबवतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे एकाचे थांबणे दुसऱ्याचे वर्षही अलीकडे ओढते.

लोक आपला आकडा कोठून घेतात, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक जण तो सरकारी निवृत्तिवेतनाच्या वयावरून घेतात, आणि ते वय माणसाच्या कामाच्या क्षमतेवरून ठरलेले नसते. जर्मनीत १८८९च्या कायद्याने वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचे वय ७० ठेवले होते. १९१६मध्ये ते ६५ झाले. ब्रिटनमध्ये १९९५च्या कायद्याने स्त्रियांचे वय ६०वरून ६५पर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरले, २०११मध्ये त्याचा वेग वाढवण्यात आला, आणि १९५०च्या दशकात जन्मलेल्या अनेक स्त्रियांनी आपल्याला हे वेळेवर कळवलेच गेले नाही अशी तक्रार केली. अमेरिकेत १९६०मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण लाभ ६७व्या वर्षी मिळतो. ६२व्या वर्षी घेतला तर तो ३० टक्के कमी मिळतो आणि ७०पर्यंत थांबल्यास २४ टक्के वाढतो. शासन वय वाढवते तेव्हा लोकांच्या अपेक्षाही वर सरकतात आणि काही प्रमाणात प्रत्यक्ष कामाची वर्षेही वाढतात. पण कायद्यातील वय वाढल्याने कोणाच्या सांध्यांना किंवा कोणाच्या मालकाला अधिक सहनशीलता येत नाही, आणि ज्यांचे काम जड असते त्यांच्यासाठी मधली वर्षे पगाराशिवाय आणि निवृत्तिवेतनाशिवाय काढण्याची वेळ येते.

आता तुमचा हिशेब. समजा, तुम्हाला ८७व्या वर्षापर्यंतची तरतूद करायची आहे. ६७ला थांबलात तर आजपासून ११ वर्षे बचतीत भर पडेल आणि ती २० वर्षे पुरवावी लागेल. ६१ला थांबावे लागले तर ५ वर्षेच भर पडेल आणि ती २६ वर्षे पुरवावी लागेल. सहा वर्षांच्या फरकाने भर घालण्याचा काळ निम्म्याहून कमी होतो, खर्चाचा काळ वाढतो, आणि जमलेल्या रकमेला वाढायला मिळणारा वेळही घटतो; तिन्ही गोष्टी एकाच वेळी तुमच्या विरुद्ध जातात. उलट ६१ धरून तरतूद केली आणि ६७पर्यंत काम करता आले, तर नुकसान एवढेच की काही वर्षे थोडा कमी खर्च केला, आणि तो पैसा तुमच्याकडेच राहिला. या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. बचत कमी पडते म्हणून ‘मी जास्त वर्षे काम करीन’ हे उत्तर निवडले जाते, तेव्हा मला विशेष काळजी वाटते. ज्यांना जास्त वर्षे काम करण्याची सर्वाधिक गरज असते, त्यांचेच काम पुष्कळदा अंगमेहनतीचे आणि बेभरवशाचे असते.

ब्रिटनमधील माहितीवर आधारलेल्या अर्थशास्त्रज्ञ सारा स्मिथ यांच्या २००६च्या अभ्यासात असे दिसले होते की निवृत्तीच्या वेळी अन्नावरील खर्चात लक्षणीय घट झाली ती मुख्यतः ज्यांना इच्छेविरुद्ध लवकर थांबावे लागले त्यांच्या बाबतीत. स्वतःच्या मर्जीने थांबलेल्यांच्या घरात तशी घट दिसली नाही. काम केव्हा थांबते याइतकेच ते कोणाच्या निर्णयाने थांबते हेही महत्त्वाचे आहे, आणि ज्याच्याजवळ लवकर थांबण्याची तरतूद असते त्याच्याच हातात तो निर्णय बराच काळ राहतो.

म्हणून माझी सूचना अशी की तुम्ही दोघांनी बसून, एकमेकांना न दाखवता, तुम्ही ६०, ६२, ६५ आणि ६७ या प्रत्येक वयाला याच नोकरीत असण्याची शक्यता शंभरांपैकी किती, हे लिहावे आणि मग कागद शेजारी ठेवावेत. जेथे तुमच्या दोघांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तेथेच खरी चर्चा व्हायला हवी. त्यानंतर शेवटचा पगार ६१व्या वर्षी मिळाला असे धरून घरखर्चाचा पूर्ण आराखडा एकदा मांडा. त्यात कर्जाचा कोणता हप्ता उरतो, कोणाचे शिक्षण किंवा उपचार चालू असतात, आणि सरकारी लाभ सुरू होईपर्यंत किती वर्षे मध्ये राहतात, हे लिहून काढा. त्या आराखड्यात ज्या गोष्टी बसत नाहीत त्यांची यादीच तुमच्या पुढील पाच वर्षांचे काम ठरवील, आणि त्यांत बहुधा पहिले काम कर्ज संपवणे हे असेल.

याबरोबर तुमच्या व्यवसायात एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. देखभालीचे ज्ञान असलेला माणूस प्रशिक्षण, सुरक्षा तपासणी, सुट्या भागांचे नियोजन किंवा देखभालीच्या नोंदी अशा कमी शारीरिक श्रमाच्या कामांत उपयोगी पडतो. पण अशी बदली ५७व्या वर्षी, प्रकृती उत्तम असताना मागितली तर ती कौशल्याची मागणी ठरते, आणि ६२व्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मागितली तर ती सवलतीची विनंती ठरते. मी दोन्ही प्रकारचे अर्ज हाताळले आहेत आणि त्यांना मिळणाऱ्या उत्तरांतील फरक मला चांगला ठाऊक आहे. तुमच्या कारखान्यात अशी जागा आहे का, हे या वर्षातच विचारा, आणि विचारणा लेखी ठेवा.