गिअरबॉक्सचं तेल वेगळं, डिफरन्शियलचं वेगळं

इंदूरच्या सियागंज बाजारात तेल घ्यायला जाण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघड. फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच), प्रत्येकाचा ग्रेड आणि माप वेगळं असू शकतं.

डिफरन्शियलमधले हायपॉइड दाते एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचं, जास्त दाब सोसणारं तेल लागतं. गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात. त्यांना पकडायला घर्षण हवं. तेल फार निसरडं झालं की गिअर टाकताना खरखर येते. शिवाय काही जीएल-५ तेलांतलं गंधक गरम झाल्यावर पितळ खातं. म्हणून मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर जीएल-४च. दुकानदार ‘५ म्हणजे ४ पेक्षा भारी’ म्हणेल, हसून सोडून दे. मात्र काही गाड्यांत पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच तेलात चालतं; तिथे कंपनीच जीएल-५ सांगते, मग तेच. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) असेल तर तसा शिक्का असलेलं तेल.

७५डब्ल्यू-९० जाडीचं तेल इंदूरच्या थंडीत आणि मे महिन्यातही चालतं. उन्हाळा कडक म्हणून उगाच १४० नको.

गाडी थोडी फिरवून आण, सपाट जागी उभी कर. आधी वरचा भरायचा बोल्ट सोडव, मगच खालचा. वरचा जाम निघाला आणि तेल सांडून बसलं, तर गाडी तिथेच. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप चालेल, दात्याचे तुकडे नकोत. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल तर ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची वाट) बघ. वॉशर नवीन टाक, वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भर.