चोर-अलार्म सारखा खोटा वाजतो, पोलीस येणं बंद करतील का?

तुम्ही विचारलंय: दुकानातला अलार्म रात्री उगीचच वाजतो, पोलीस दोनदा येऊन गेले, आता खरंच चोर आला तर येतील ना?

ते तुम्ही फोनवर काय सांगता त्यावर आहे. पण आधी मला सांगा, अलार्म वाजला की तुमच्या घरात नाव कुणाचं घेतलं जातं? आमच्याकडे माझं घेतलं जायचं.

बडोद्यात रावपुऱ्याला आमचं चांदीच्या भांड्यांचं दुकान आहे. अप्पांनंतर मी आणि दादा मिळून चालवतो. रात्री शटर मी ओढते, कोड मी टाकते. तीन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री पावणेतीनला फोन वाजला. धावत गेलो तर पोलिसांची गाडी उभी, शटर जसंच्या तसं, कुलपं जागच्या जागी. आठवड्याने पुन्हा तेच. हवालदार म्हणाला, "बेन, पाछुं वाग्युं?" (ताई, पुन्हा वाजला?) तिसऱ्या वेळी गाडी आलीच नाही. फोनवरच विचारलं, "अंदर कोइए जोयुं छे?" (आत कुणाला पाहिलंय का?) कुणीच पाहिलं नव्हतं. आमच्या डायलरमध्ये, म्हणजे अलार्म वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रात, पहिला नंबर थेट पोलिसांचा होता, दादाने हौसेने घातलेला.

आणि दादाचं एकच पालुपद, तूच कोड नीट टाकत नाहीस. वहिनीसमोर, नोकरांसमोर, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. अलार्मवाला आला, सेन्सर जुने झालेत, सगळे बदला म्हणाला आणि कोटेशन ठेवून गेला.

शेवटी मीच अलार्मच्या पॅनेलचं पुस्तक घेऊन बसले. पॅनेल म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात तो डबा, आणि झोन म्हणजे त्यातल्या एकेका सेन्सरचा नंबर. कीपॅडवर मागच्या घटना तारीख-वेळेसकट निघतात. तिन्ही वेळा झोन ४, तिन्ही वेळा रात्री दोन ते तीनच्या मध्ये. कोडाची चूक असती तर झोन १ दिसला असता, पुढच्या शटरचा, आणि वेळ सकाळी दहाची, दुकान उघडण्याची. झोन ४ म्हणजे मागच्या खोलीतला मोशन सेन्सर. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

मग एका रात्री पॅनेल टेस्टवर ठेवून नोकराच्या मुलासोबत त्या खोलीच्या दारात बसून राहिले. सेन्सरच्या वीतभर बाजूला झिरोचा दिवा. पावसाळ्याचे किडे त्याभोवती गोळा झालेले. दीडच्या सुमारास कॅलेंडरमागून पाल निघाली, दिव्याकडे सरकली, किड्यावर झेपावली आणि तिची शेपटी भिंगावरून फिरली. सेन्सरचा लाल दिवा लागला. सेन्सरच्या डोक्यावर लेंड्यासुद्धा होत्या, कुणी मान वर करून पाहिलंच नव्हतं. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, समोरच्या उष्णतेत फरक पडला की तो वाजतो. लांबच्या भिंतीवरची पाल त्याच्या खिजगणतीतही नसते, भिंगावर चढली की तीच माणसाएवढी होते.

दिवा काढला, सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात नेला, वायरच्या भोकात सिलिकॉन भरलं. उष्णता आणि मायक्रोवेव्ह दोन्हींना हालचाल लागली तरच वाजणारा सेन्सर मिळतो, तो मागच्या खोलीत घातला. पॅनेलची १२ व्होल्टची बॅटरी फुगली होती, तीही बदलली. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, फटाक्यांनी शटरचा व्हायब्रेशन सेन्सर वाजायचा, त्याची संवेदनशीलता एक घर खाली आणली. बाकी हलणारे पडदे, एसीचा झोत, सैल दार हे तुम्ही पाहिलंच असेल.

आता पोलिसांचं. ऑटो-डायलरमध्ये त्यांचा नंबर घालणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, दादाला मी हे तोंडावर सांगितलंय. आता पहिला फोन मला येतो, दुसरा दादाला, तिसरा दुकानाच्या वर राहणाऱ्या काकांना. मी मोबाईलवर कॅमेरा पाहते, काका खिडकीतून शटर पाहतात, मग ११२ वर पोलिसांना फोन. "अलार्म वाजलाय" एवढंच सांगू नका, जे खरंच दिसतंय ते सांगा, जसं "मागच्या दारात दोन माणसं दिसताहेत". दादाचाच मुलगा लेस्टरला असतो. त्यानेच बापाला सांगितलं की ब्रिटनमध्ये बारा महिन्यांत तीन खोटे अलार्म झाले की पोलीस त्या जागेच्या अलार्मवर येणं थांबवतात. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत तर २००० पासून कुणीतरी जागेवर खात्री केल्याशिवाय घरफोडीच्या अलार्मवर पोलीस जात नाहीत. आपल्याकडचे पोलीस नुसते लक्षात ठेवतात, पण परिणाम तोच.

हे आधीच सांगायला हवं होतं: तुम्ही स्वतः आत असाल आणि कुणी शिरलंय असं वाटलं, तर पाहायला जाऊ नका, सरळ ११२ लावा. बाहेरून आलात आणि कुलूप तुटलेलं दिसलं, तरी एकट्याने आत शिरू नका. आणि विमा असेल तर सेन्सर हलवण्याआधी पॉलिसीतल्या अटी वाचा.

ती वही अजून गल्ल्यात आहे. दादाने एकदाच उघडली, काही न बोलता मिटवली. अजून त्याच्या तोंडून "माझी चूक झाली" आलेलं नाही, आणि मला ते ऐकायचंय.

तुमच्या पॅनेलवर कुठला झोन येतोय आणि किती वाजता, ते इथे लिहा. कुणालाही काही बोलण्याआधी तेवढं पाहा.