तळलेल्या सफरचंदाच्या, की सफरचंदाच्या तळलेल्या?

प्रश्न एका ताईंचा आहे. इंग्रजीतली एक पाककृती त्यांनी नणंदेसाठी मराठीत उतरवून दिली आणि वर मथळा घातला: 'तळलेल्या सफरचंदाच्या पेस्ट्र्या'. नणंदबाईंनी मथळा वाचला, खालचं घाईघाईत चाळलं आणि सफरचंदाच्या फोडी आधी कढईत तळून काढल्या. फोडी तेल प्यायल्या, त्यांचा लगदा झाला. आता ताई विचारतात: चूक कोणाची, पेस्ट्रीला मराठीत काय म्हणावं, आणि आत भरतात ते सारण की पुरण?

चूक मथळ्याची, म्हणजे ताई, तुमचीच. पण मराठीत या चुकीला जागा फार थोडी आहे. तुम्ही नेमक्या तिथेच अडखळलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एकवचन घ्या. 'तळलेली सफरचंदाची करंजी' म्हटलं तर तळलेली कोण? करंजी. 'तळलेल्या सफरचंदाची करंजी' म्हटलं तर तळलेलं काय? सफरचंद. विशेषणाच्या शेवटावरूनच ते कोणाचं आहे हे कळतं. सफरचंदाला 'ची' लागला की त्याचं सामान्यरूप होतं आणि त्याच्याबरोबर त्याचं विशेषणही वाकून 'तळलेल्या' होतं. करंजी सरळ उभी असते, म्हणून तिचं विशेषण 'तळलेली'. पुल्लिंगी अनेकवचनातही हा फरक टिकतो: 'तळलेले सफरचंदाचे वडे' वेगळे आणि 'तळलेल्या सफरचंदाचे वडे' वेगळे. घोटाळा होतो तो स्त्रीलिंगी अनेकवचनात. करंज्या एकाहून जास्त झाल्या की त्यांचं विशेषण 'तळलेल्या', आणि वाकलेल्या सफरचंदाचं विशेषणही 'तळलेल्या'च. पुढे विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलं तर वड्यांचीही तीच गत होते, पण मथळ्यात सहसा तसं काही नसतं. 'पेस्ट्री' मराठीने स्त्रीलिंगी करून घेतली, तुम्ही ती अनेकवचनात लिहिलीत, आणि झालं. मथळ्यात 'पेस्ट्री' एकवचनी ठेवली असती तर फोडी वाचल्या असत्या.

नणंदबाईंच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. रूपावरून निकाल लागत नसेल तर आपण विशेषण त्याला खेटून असलेल्या नामालाच जोडतो. 'लहान मुलांच्या शाळा' वाचून शाळा लहान आहेत असं कोणाच्या मनात येत नाही. 'जुन्या पुस्तकांच्या पेट्या' यात पेट्या कालच आणलेल्या असू शकतात. त्या न्यायाने 'तळलेल्या सफरचंदाच्या' म्हणजे सफरचंदच तळायचं. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचं काहीही चुकलेलं नाही. उपाय एकच, विशेषण उचलून योग्य नामाच्या दारात ठेवायचं: 'सफरचंदाच्या तळलेल्या पेस्ट्र्या'.

मुळातला इंग्रजी मथळा 'फ्राइड ॲपल पाय' असा काहीतरी असणार. इंग्रजीत विशेषण कोणासाठी वाकत नाही, त्यामुळे तिथे हा संशय एकवचनातही असतो. तो नुसता कागदावरचा नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'फ्राइड ॲपल्स' नावाचा स्वतंत्र पदार्थ आहे, लोण्यात साखर घालून मऊ केलेल्या सफरचंदाच्या फोडींचा. आपण त्याला तळलेलं म्हणणार नाही, परतलेलं म्हणू. इंग्रजीतलं 'फ्राय' तळणे आणि परतणे या दोन्हींवर हक्क सांगतं, मराठीत मात्र दोन्हींच्या भांड्यांपासून तेलाच्या मापापर्यंत सगळं वेगळं. तुमच्या पाककृतीत सारणासाठी फोडी लोण्यात 'फ्राय' करायला सांगितल्या असतील तर तिथे डोळे झाकून 'परता' लिहा. 'तळा' नको, एकदा झालं तेवढं पुरे.

आता 'पेस्ट्री'. या शब्दाने मराठीत येताना घर बदललं. इंग्रजीत 'पेस्ट्री' म्हणजे पीठ आणि लोणी किंवा तसलाच स्निग्ध पदार्थ थोड्या पाण्यात भिजवून केलेला गोळा, आणि त्या गोळ्यापासून भाजून किंवा तळून केलेला जिन्नस. 'पेस्ट' आणि 'पास्ता' ही त्याच मुळाची भावंडं. मराठीत मात्र 'पेस्ट्री' म्हणजे थर दिलेल्या, क्रीम लावलेल्या केकचा तुकडा, गार, वर बहुधा एक चेरी. 'तळलेली पेस्ट्री' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर क्रीम कढईत पडतं. शब्द इंग्रजीत बरोबर असेल, पण आपल्याकडे त्याचा अर्थ ठरून गेलेला आहे, आणि ठरलेल्या अर्थाशी भांडण्यात हशील नसतं.

जाता जाता अनेकवचनाविषयी. बॅटरी-बॅटऱ्या, डायरी-डायऱ्या, तशी पेस्ट्री-पेस्ट्र्या, नियमाने बिनचूक. पण 'स्ट्र्या' म्हणताना जीभ अडखळते. म्हणूनच बहुतेक जण 'चार पेस्ट्री' म्हणून मोकळे होतात, काही 'पेस्ट्रीज' म्हणतात. 'स्त्री'च्या बाबतीत भाषेने हीच अडचण 'स्त्रिया' करून सोडवली. 'पेस्ट्रिया' म्हणणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

मग 'पाय' ठेवावं का? उच्चार तंतोतंत जुळतो, आणि तीच अडचण आहे. गणितातला 'पाय' वर्तुळात सुरक्षित असतो, पण स्वयंपाकघरात 'सफरचंदाचा तळलेला पाय' वाचणारा दचकेल. इंग्रजीत हातात धरून खायच्या छोट्या पायला 'हँड पाय' म्हणतात. ते देवनागरीत जसंच्या तसं लिहून बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल.

नाव ठरवण्याआधी पाककृतीत एक गोष्ट तपासा. सफरचंदाच्या चकत्या किंवा फोडी सरसरीत पिठात बुडवून तेलात सोडायच्या असतील तर इंग्रजीत ते 'फ्रिटर', आणि रीत भज्यांची. पिठाची पोळी लाटून, आत फळ भरून, कडा बंद करून तळायचं असेल तर ते 'फ्राइड पाय'. त्याच घडीचा जिन्नस भट्टीत भाजला तर बहुधा 'टर्नओव्हर', म्हणजे नुसतं 'उलटवलेलं'. फ्रेंच लोक सफरचंदाच्या टर्नओव्हरला 'शोसाँ' म्हणतात, आणि शोसाँ म्हणजे घरात घालायची सपाता. पदार्थाचं नाव आकारावरून पडतं ते असं. आपणही वेगळं काही केलं नाही. करंजाच्या झाडाची शेंग हातात घेऊन बघा, एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला फुगीर. करंजीचा आकार हुबेहूब तोच. 'कानवला' म्हणणाऱ्यांना त्यात कान दिसतो. शेंग, कान, सपाता, ज्याला जे दिसलं ते.

तुमच्या पाककृतीत पोळी दुमडून अर्धचंद्र करायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: 'सफरचंदाची करंजी' म्हणा आणि 'तळलेली' हा शब्द काढून टाका. करंजी शब्दातच तळण आहे. बेक केलेल्या करंजीलाच वेगळं सांगावं लागतं की मी बेक केलेली. इंग्रजी 'पाय'चं उलट आहे. पाय भाजलेला असणं गृहीत असतं, म्हणून तळला तर आधी 'फ्राइड' लावायचं. तरी त्या शब्दाला पद्धतीचं फारसं सोयरसुतक नाही. मॅकडॉनल्ड्सने 1968 मध्ये ॲपल पाय विकायला काढला तो तळलेला होता, 1992 मध्ये अमेरिकेत तो बेक केलेला झाला, नाव तेच राहिलं. मराठीत असा कारभार केला तर गिऱ्हाईक विचारेल, ही कसली करंजी? तेव्हा ज्या विशेषणाने सगळा घोळ घातला त्याची मराठीत गरजच नव्हती. भाषांतर करताना शब्दाला शब्द ठेवण्याची सवय लागली की हे लक्षात येत नाही. पोळी चौकोनी कापून पाकिटासारखी बंद करायची असेल तर मात्र करंजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी तेव्हा 'पाय'च म्हणेन आणि ऐकणाऱ्याला समजावून सांगेन.

सारण की पुरण? 'पुरण' हा संस्कृत 'पूरण'वरून आलेला शब्द, अर्थ भरणे. मुळाकडे पाहिलं तर आत भरतात ते सगळं पुरण. पण रोजच्या बोलण्यात पुरण म्हणजे शिजवून, वाटून, गोड केलेली डाळ, दुसरं काही नाही. 'सफरचंदाचं पुरण' म्हटलं की वाचणारी डाळ भिजत घालेल. सारण हा शब्द मोकळा राहिला. तो कोरड्याला चालतो, ओल्याला चालतो, गोडाला आणि तिखटालाही चालतो. सारण म्हणा.

मात्र सफरचंदाचं सारण ओलं असतं, आणि इथे माझं स्वतःचं हसं झालंय ते सांगतो. सफरचंदात साधारण 85 टक्के पाणी असतं. साखर घातली की ते सुटतं, आणि आटवून सारण कढईपासून सुटं व्हावं लागतं. आटवलं मी नीट होतं, पण गार होईपर्यंत धीर धरला नाही. कोमट सारणाने पारी आतून मऊ पडली, कडा ओली झाली, आणि 180 अंशांच्या तेलात सोडल्यावर आतल्या वाफेने बरोबर तीच वाट शोधली. पहिल्या घाण्यातल्या सहापैकी चार करंज्या उकलल्या, तेलात काळी साखर तरंगायला लागली. घाणा म्हणजे एका वेळी कढईत जे सोडतो ते. मूळ शब्द तेल्याच्या घाण्याचा, त्यात एका वेळी घालतात तेवढ्या मालालाही घाणा म्हणू लागले आणि तिथून तो तळणात आला. पाककृतीत 'बॅचेसमध्ये तळा' लिहिलंय ना तुम्ही? 'घाणे काढा' लिहा, छान वाटेल.

अशा आणखी दोन-चार जागा तुमच्या मजकुरात दिसल्या. 'सोनेरी तपकिरी होईपर्यंत' हे तर सरळ इंग्रजीचं सावट. मराठीत पदार्थ 'बदामी रंगावर' तळतात. 'रंगावर' या एका शब्दात कधी थांबायचं ते आलं. चिरलेलं सफरचंद हवेने 'तपकिरी होतं' असं लिहिलंय, आपल्याकडे ते 'काळं पडतं', मग रंग खरोखर काळा नसला तरी. म्हणून फोडींना लिंबू चोळायचं. 'कडा सील करा' याऐवजी 'कडेला मुरड घाला'. मनाला मुरड घालतो तोच हा शब्द, बाहेर येऊ बघणाऱ्याला आत दाबायचं. मुरड जमत नसेल तर कडा ओल्या बोटाने दाबून काट्याने ठसे उमटवले तरी चालतं, पण मग 'मुरड' लिहू नका.

'शॉर्ट पेस्ट्री'चं तुम्ही 'लहान पेस्ट्री' केलंत, ते मात्र सुधाराच. इथे 'शॉर्ट' म्हणजे आखूड नव्हे, खुसखुशीत. पिठात गरम तूप किंवा लोणी चोळलं की ते पिठाच्या कणांना लपेटून घेतं, पाणी घातल्यावर ग्लुटेनचे लांब चिवट धागे तयार होऊ देत नाही, आणि पारी दाताखाली तुटते. आपण याला मोहन घालणे म्हणतो. मुरलीधराचा यात हात नाही: हिंदीत मोयन, गुजरातीत मोण, मराठीत मोहन, तिन्ही शेजारी ठेवले की दिसतं. आणि खुसखुशीत म्हणजे कुरकुरीत नव्हे. कुरकुरीत खाताना शेजारच्याला आवाज जातो, खुसखुशीत तोंडातल्या तोंडात विरघळत तुटतं. मोहन जास्त झालं तर पारी तेलात फसफसून विरते, कमी झालं तर वातड होते. 'वातड'ला इंग्रजीत नेमका शब्द शोधून बघा कधी वेळ मिळाला तर.

सफरचंद हा शब्द कुठून आला असंही तुम्ही शेवटी सहज विचारलंत. त्यात सफर नाही आणि चंद्रही नाही. अरबीत 'सफर्जल' म्हणजे क्विन्स, सफरचंदाच्या जातकुळीतलं एक आंबट-तुरट फळ. तेच नाव गुजरातीत 'सफरजन' होऊन आणि मराठीत 'सफरचंद' होऊन दुसऱ्याच फळाला चिकटलं. सारणात घालता ती दालचिनीही तसलीच. फारसीत 'दार' म्हणजे लाकूड, 'चिनी' म्हणजे चीनचं. दारची दाल आपण केली, डाळीशी तिचं काही नातं नाही.

तर मथळा 'सफरचंदाच्या करंज्या'. आणि त्याच्या लगेच खाली, बाकी कशाच्याही आधी, एक ओळ ठळक लिहा: 'सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका.' नणंदबाई मथळ्याच्या फार खाली जात नाहीत असं दिसतंय.