दोन फॉर असतील, तर बाहेरचा कोणता?

प्रश्न : कळमना बाजारात येणाऱ्या संत्र्यांच्या पेट्यांची वजने मी सरावासाठी पायथन या संगणकभाषेत गाडीनिहाय याद्यांत ठेवली आहेत. ‘[पेटी फॉर गाडी इन गाड्या फॉर पेटी इन गाडी इफ पेटी > 20]’ हे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (एकाच ओळीत यादी घडवण्याची रीत) साध्या लूपमध्ये लिहिताना बाहेरचा लूप कोणता, हे उमगत नाही.
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गोंधळ होतो तो अगदी पुढे बसलेल्या ‘पेटी’मुळे, कारण जे सर्वांत शेवटी घडते तेच तेथे सर्वांत आधी लिहिलेले असते. तो शब्द क्षणभर बाजूला ठेवून उरलेले सारे डावीकडून उजवीकडे, आहे त्याच क्रमाने, एकेका ओळीवर उतरवावे आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा चार जागा आत सरकवावी : प्रथम गाडीचा फॉर, त्याच्या पोटात पेटीचा फॉर, त्याच्याही पोटात इफ आणि सर्वांत आत, बाजूला ठेवलेल्या पेटीचे अपेंड, म्हणजे ती निकालाच्या यादीच्या शेवटी जोडणे. निकालाची रिकामी यादी मात्र पहिल्या फॉरच्या आधीच करावी. ती आत केली, तर प्रत्येक गाडीगणिक पुसली जाईल आणि हाती केवळ शेवटच्या गाडीच्या पेट्या उरतील.

कंसात कंस असेल, म्हणजे पुढच्या ‘पेटी’च्या जागी दुसरे कॉम्प्रिहेन्शनच बसले असेल, तर नियम उलटा भासतो, पण तसा तो नसतो. आतला कंस हीच तेथे पुढे बसलेली वस्तू असल्याने उजवीकडचा फॉर बाहेरचा ठरतो.

जाता जाता : पायथन 3 मध्ये कॉम्प्रिहेन्शनमधली ‘पेटी’ बाहेर उरत नाही, लूपमधली मात्र लूप संपल्यावरही शेवटच्या वजनासह शिल्लक राहते.