एजन्सीने फ्रीलान्स कामाचे ९० हजार सात महिने अडकवलेत, सही केलेला करार नाही. वसूल कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोअर परळच्या एका एजन्सीसाठी लोगो आणि पॅकेजिंग केलं, सगळं ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं, फायनल फाइल्स दिल्या, ९०,००० रुपयांचं बिल पाठवलं. आधी "अकाउंट्सकडे आहे", मग "आमच्या क्लायंटचे आले की देतो", आणि आता सात महिन्यांनी "काम पसंतच पडलं नव्हतं".

सही केलेला कागद नाही म्हणून खचू नका. दर विचारणारा मेल, तुमचं कोटेशन आणि "गो अहेड" एवढ्यानेही करार होतो. "क्लायंटचे आले की" ही अट तुम्ही आधी मान्य केली नसेल, तर त्यांचा क्लायंट हा त्यांचा प्रश्न. तुमचा व्यवहार एजन्सीशी आहे. सावध राहायचं ते तिसऱ्या उत्तरापासून, कारण ते उशिराला वादाचं रूप देतं.

म्हणून आधी तारखा मांडा. दर कधी मान्य झाला, फायनल फाइल्स कधी पोचल्या, बिल कधी पोचलं, आणि कामाबद्दलची पहिली लेखी तक्रार कधी आली. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) २००६ च्या कायद्यात नियम स्पष्ट आहे: काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम पोचलं तोच दिवस स्वीकृतीचा दिवस धरतात. हा कायदा तुम्हाला लागू नसला, तरी इतके महिने गप्प राहून पैसे मागितल्यावर काढलेली तक्रार कुठेही लंगडीच पडते. त्या तक्रारीला फोनवर उत्तर देऊ नका. मेलवर विचारा: नक्की काय चुकलं, आणि हे अमुक तारखेच्या आत का कळवलं नाही?

दुसरं काम आजच करा, पाच मिनिटांचं आहे. आयकर पोर्टलवर जाऊन तुमचं २६एएस आणि एआयएस उघडा; तुमच्या नावावर कापलेला कर आणि व्यवहार दाखवणारी ही पत्रकं. एजन्सीच्या नावाने टीडीएस, म्हणजे तुमच्या पैशातून कापून सरकारकडे भरलेला कर, दिसतोय का? टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमाखर्च करताना, जे आधी होईल तेव्हा कापतात. म्हणजे पैसे न देताच टीडीएस भरला असेल, तर तुमचं बिल त्यांच्या वहीत देणं म्हणून चढलेलं आहे. एवढ्या एका नोंदीवर दावा जिंकता येईलच असं नाही, पण "काम पसंत नव्हतं" म्हणणाऱ्याला ती फार अडचणीची ठरते. बिलात जीएसटी लावला असेल तर आणखी एक धागा आहे: १८० दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर त्यांना तुमच्या बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट (इनपुट क्रेडिट) व्याजासह परत करावी लागते. सात महिने म्हणजे ती मुदत उलटून गेली.

आता कळीचा प्रश्न: काम सुरू होण्याआधी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, होती का? होती तर बाजू भक्कम आहे. लेखी मुदत ठरलेली नसेल तर स्वीकृतीनंतर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, आणि ठरलेली असली तरी ४५ दिवसांपलीकडे नाही. मालिका-जाहिरातींच्या धंद्यात ९० दिवसांची रीत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगापुढे ती टिकत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के, म्हणजे ९०,००० वर सहा महिन्यांचे साधारण ७,६८५ रुपये. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून सुकरता परिषदेकडे जाते; थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी ही सरकारी परिषद. परिषद तुमच्या भागातली असते. एजन्सी दिल्लीची असती तरी तक्रार मुंबईतच चालली असती. कायद्यात ९० दिवसांत निकाल म्हटलंय, पण प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो हे धरून चला. निकाल एजन्सीच्या विरुद्ध गेला आणि त्यांना तो रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही तरतूद त्यांच्या वकिलाला नीट ठाऊक असते.

नोंदणी नव्हती तर आता घाईने करून या बिलासाठी फायदा मिळेल असं धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो मिळत नाही असं म्हटलं; २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. तरीही आजच करा, पुढच्या कामांसाठी. आधार आणि पॅनवर होते आणि फुकट होते; पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइटपासून जपा.

नोटीस पाठवण्याआधी समोरच्याचं खरं नाव शोधा. पाटीवरचं ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव बहुधा वेगळं असतं. त्यांचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव कळतं, कंपनी असेल तर नोंदणीकृत पत्ता कंपनी खात्याच्या साइटवर मिळतो. तुम्हाला काम देणाऱ्या आर्ट डायरेक्टरच्या हातात पैसे सोडणं नसतं, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. मेल अकाउंट्सप्रमुख आणि संचालक दोघांना, आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने. एका पानात तारखा, रक्कम, व्याज आणि १५ दिवसांची मुदत. उद्यम नंबर असेल तर ठळक लिहा, कारण आयकराच्या २०२३ साली आलेल्या तरतुदीने (अकाउंट्सवाले तिला ४३बी(एच) म्हणतात) मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. मार्चच्या आसपास हे वाक्य फार लवकर वाचलं जातं.

लोगोबद्दल एक ओळ त्याच पत्रात हवी. कॉपीराइट लेखी करून दिल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि तुम्ही त्यांच्या नोकर नाही. मात्र पैसे घेऊन काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र किंवा फिल्म यांचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. पॅकेजिंगवर तसं काही असेल तर हा मुद्दा जपून मांडा.

पंधरा दिवसांत हालचाल नाही तर दिवाणी दावा. लोअर परळसाठी मुंबईचं शहर दिवाणी न्यायालय. लेखी व्यवहारातली ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी (झटपट) दावा होतो, त्यात बचावासाठी त्यांना आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. तुमची रक्कम तीन लाखांच्या आत आहे, त्यामुळे दाव्याआधीच्या सक्तीच्या मध्यस्थीची पायरी नाही. वकिलाची फी आधी विचारा. ९० हजारांसाठी ती परवडायला हवी. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. मुदत साधारण तीन वर्षांची आहे. त्या मुदतीत त्यांनी लेखी देणं कबूल केलं तर ती तिथून नव्याने मोजतात, म्हणून "पुढच्या महिन्यात देतो" हा मेलसुद्धा सोन्यासारखा जपा. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. चॅट एक्सपोर्ट करा आणि तो फोन विकू नका, न्यायालयात त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पोलिसांत जाऊन वेळ घालवू नका. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता येत नसेल तर ते दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतात. आणि लिंक्डइनवर नाव घेऊन लिहू नका, त्याने बदनामीचा दावा त्यांच्या हाती जातो.

नोटीस गेल्यावर बहुतेकदा फोन येतो: "पन्नास घ्या आणि विषय संपवा." घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. घेतलेत आणि उरलेले सोडायचे नसतील, तर त्याच दिवशी मेल करा: "९०,००० पैकी ५०,००० मिळाले, ४०,००० आणि व्याज बाकी." "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर बाकी मिळेपर्यंत सही करू नका. चेक दिला तर तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, एक दिवसही उशीर चालत नाही.