वर्गात बोलतो, कॅमेऱ्यासमोर गप्प होतो

"वर्गात मी दोन-दोन तास बोलतो. पोरं विचारतात, मी सांगतो, हसणं-खिदळणं चालू असतं. पण मोबाईल स्टँडला लावला आणि तो लाल ठिपका दिसला की तोंड कोरडं पडतं. एफ कॉर्डच्या चार मिनिटांच्या व्हिडिओचे परवा १४ टेक झाले. तरी टाकला नाहीच. माझ्यात आत्मविश्वासच नाही बहुतेक."

ही तक्रार घेऊन आलेले गिटारशिक्षक पस्तिशीतले, मूळचे लातूरकडचे, पुण्यात १२ वर्षं शिकवण्या घेणारे. (हकीकत एकट्या माणसाची नाही. अशाच अडचणी सांगणाऱ्या तिघा-चौघांना एकत्र करून, ओळखीच्या खुणा बदलून ती लिहिली आहे.) विद्यार्थी त्यांना सर म्हणतात, आपणही सरच म्हणू. (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर; एफ, जी, सी ही कॉर्डची नावं.)

'आत्मविश्वास' हा शब्द आम्ही पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला. त्या शब्दाने काय करायचं ते कळत नाही, फक्त आपल्यात काहीतरी कमी आहे एवढं कळतं. त्याऐवजी दोन ध्वनिमुद्रणं मागितली. एक वर्गातलं, विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईला विचारून केलेलं, मोबाईल कोपऱ्यात ठेवून. दुसरं फसलेल्या टेकचं. दोन्ही शेजारी शेजारी ऐकली.

वर्गातल्या ध्वनिमुद्रणात सर सलग अर्धा मिनिटसुद्धा बोलत नव्हते. "अंगठा वर यायलाय बघ." मग तार वाजते. "हां, आता दुसरी तार दबली नाही." पुन्हा तार. "बोट जरा कडेवर टेकव." म्हणजे सर भाषण करतच नव्हते, उत्तरं देत होते. पुढचं वाक्य त्यांना विद्यार्थ्याची बोटं सांगत होती. कॅमेऱ्यासमोर ती बोटं नाहीत, मान हलवणारं कुणी नाही, आणि चार मिनिटं एकट्याने बोलायचंय. हे काम सरांनी १२ वर्षांत कधी केलेलंच नव्हतं.

समोरचा माणूस नाहीसा झाला की लक्ष आत वळतं. आपला आवाज कापतोय का, चेहरा कसा दिसतोय, हात थरथरला का. सामाजिक भीतीचं जे प्रारूप क्लार्क आणि वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलं, त्याच्या मध्यावर हीच गोष्ट आहे: माणूस स्वतःकडेच पाहत बसतो, आणि आतून जे जाणवतं तेच बाहेर दिसत असणार असं धरून चालतो. गिटारवाल्याला याचा दुहेरी फटका. वर्षानुवर्षांच्या सरावाने हात ज्या गोष्टी आपोआप करतो, त्यावर मुद्दाम नजर ठेवली की त्या बिघडतात. 'जी' कॉर्डवरून 'सी' कॉर्डवरची उडी सर झोपेतही घेतील, पण कॅमेऱ्यासमोर ती अडखळत होती ती यामुळे.

तेव्हा पहिलं काम, समोरचा माणूस परत आणायचा.

पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याच्या शेजारी, भिंगाला खेटून, खरा विद्यार्थी बसवला. हे जमलं, पण विद्यार्थी रोज कुठून आणणार? म्हणून पुढची सोय अशी केली. विद्यार्थ्यांकडून व्हॉट्सॲपवर त्यांच्या आवाजात प्रश्न मागवले, प्रत्येकी १० ते १५ सेकंदांचे. "सर, एफ धरला की पहिल्या दोन तारा ठक ठक वाजतात." "सर, जी वरून सी वर जाताना स्ट्रमिंग थांबतं." (स्ट्रमिंग म्हणजे उजव्या हाताने तारांवर मारलेले फटके.) रेकॉर्डिंग सुरू करायचं, दुसऱ्या फोनवर प्रश्न लावायचा, संपला की उत्तर द्यायचं. प्रश्नाचा भाग नंतर कापायचा. चार मिनिटांच्या धड्याला असे पाच-सहा प्रश्न पुरतात आणि प्रत्येक उत्तर ४० सेकंदांच्या आसपास राहतं. पूर्ण संहिता लिहून वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, ते पाहणाऱ्याला लगेच कळतं, आणि एक शब्द चुकला की माणूस सगळा परिच्छेद हरवून बसतो. कागदावर फार तर पाच शब्द असावेत.

आता भाषेचं. सरांचा व्हिडिओ सुरू व्हायचा तो असा: "नमस्कार मित्रांनो, आजच्या या भागामध्ये आपण बार कॉर्ड या विषयाबद्दल सविस्तर माहिती घेणार आहोत." (बार कॉर्ड म्हणजे एक बोट तारांवर आडवं टाकून धरायचा कॉर्ड; एफ त्यातलाच.) हे वाक्य सर आयुष्यात कुणाशी बोललेले नाहीत, मग ते तोंडातून सहज कसं येणार? खोदून विचारल्यावर खरं कारण निघालं. कधीतरी एका व्हिडिओखाली कुणीतरी 'आधी शुद्ध बोलायला शिका' असं लिहून गेलं होतं. तेव्हापासून सर प्रत्येक 'ण' तपासून तोंडाबाहेर काढत होते, 'वाजवायलास' गिळून 'वाजवत आहेस' म्हणत होते. बोलता बोलता स्वतःच्याच वाक्यांचं मुद्रितशोधन करणारा माणूस अडखळणारच. आमचं मत विचाराल तर गिटार शिकवणाऱ्याची भाषा कळण्याजोगी असली की पुरे. लातूरची असली तर लातूरचे लोक जरा जास्त वेळ थांबतील. सरांना एवढंच सांगितलं की पहिलं वाक्य वर्गातलं घ्या. ते झालं: "एफ वाजत नाही ना? बोट बघू."

अडखळण्याची एक जागा मात्र खरोखर शब्दांची होती आणि ती भीतीच्या खाती जमा झाली होती. 'वरची तार' म्हणताना सर दर वेळी थबकायचे. कारण रास्त आहे. सर्वांत जाड, खर्जातली सहावी तार गिटार मांडीवर घेतल्यावर वर असते, आणि सर्वांत बारीक, चढ्या स्वराची पहिली तार खाली. 'वरची' म्हणजे कुठली? वर्गात बोटाने दाखवलं की भागतं, कॅमेऱ्यासमोर नाव घ्यावं लागतं. मग आम्ही कागद घेऊन नावं पक्की केली. 'वर-खाली' हे शब्द फक्त उजव्या हाताच्या फटक्यासाठी. तारांसाठी 'जाड' आणि 'बारीक', सोबत आकडा. बोटं तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. त्यानंतर एफचं वर्णन असं आलं: तर्जनी पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेलं घर) सहाही तारांवर आडवी, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी चौथ्या तारेवर त्याच फ्रेटला. तर्जनी सपाट दाबू नका, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलती करा. पहिल्या फ्रेटला जमत नसेल तर हाच आकार आधी पाचव्या फ्रेटला धरा, तिथे नट (मानेच्या टोकाची, तारा पेलणारी पट्टी) लांब असल्याने तारा कमी जोरात दबतात. हे सगळं सर एकाही 'म्हणजे'शिवाय बोलले. ज्या वाक्यात नेहमी अडखळता, तिथे कधीकधी घाबरण्यासारखं काहीच नसतं, शब्द ठरलेला नसतो.

बोलणं आणि वाजवणं एकत्र करायचं नाही, हा दुसरा नियम. स्ट्रमिंग चालू ठेवून समजावायला गेलं की बोलणं तालावर हेलकावे खायला लागतं, नाहीतर हात थांबतो. उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवून त्या गप्प करायच्या, बोलायचं, मग वाजवायचं. मेट्रोनोम (टकटक करून ताल देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवला तर चार मात्रांची चार आवर्तनं १६ सेकंदांत होतात. तेवढा वेळ तोंड बंद. सरांना ते १६ सेकंद लांबलचक वाटले, पण शिकणाऱ्याला हवे असतात तेच. एकत्र बोलायची मुभा फक्त मोजण्यापुरती: खाली, खाली-वर, वर-खाली-वर.

मांडणीत तीन चुका होत्या. फोन टेबलावर पुस्तकाला टेकवलेला, म्हणून सर खाली वाकून बोलत होते आणि आवाज गळ्यात अडकत होता. भिंग डोळ्यांच्या उंचीवर हवं. दुसरं, पुढचा कॅमेरा. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत राहतो आणि लक्ष पुन्हा आत वळतं. शिवाय तिथे चित्र आरशासारखं उलटं दिसतं, त्यामुळे स्वतःचाच फ्रेटबोर्ड पाहून गोंधळ होतो. मागचा कॅमेरा वापरायचा, आणि भिंगाच्या अगदी कडेला एखाद्या विद्यार्थ्याचा छोटा फोटो चिकटवायचा. तिसरं, कॉलर माइक. हनुवटीपासून वीतभर खाली लावला तर चालतो, पण शर्टाच्या खाली-मध्ये लावला तर गिटारची कड त्यावर घासते आणि खरखर येते. माइकचं 'नॉइज कॅन्सल' बंद ठेवा. ते कॉर्डचा लांबणारा स्वर गोंगाट समजून कापून टाकतं.

शरीराचं थोडं. घाबरल्यावर बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात, आणि गार बोटांनी एफ ठक ठक वाजतो. तो आवाज ऐकून माणूस आणखी घाबरतो. रेकॉर्डिंगआधी दोन मिनिटं कोमट पाण्यात हात. चहा नंतर. हात नसलेली खुर्ची घ्या आणि बसूनही पट्टा लावा. गिटारची मान जरा वर राहिली की फ्रेट पाहायला वाकावं लागत नाही आणि पोट मोकळं राहतं. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच वेळा. मिनिटही लागत नाही. धडधड तरीही राहिली तर ती शमवत बसू नका. २०१४ मध्ये ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी केलेल्या प्रयोगांत गाण्याआधी 'मी उत्साहात आहे' असं म्हणणारे, 'मी घाबरलोय' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. सरांना ते वाक्य पोरकट वाटलं. त्यांनी त्याऐवजी "चला, घ्या" म्हणायचं ठरवलं. चालतं.

१४ टेकचं काय? चूक झाली की थांबवून पुन्हा पहिल्यापासून, ही सवय सावधपणाची वाटते, पण तिच्यातून मन एवढंच शिकतं की चूक म्हणजे संकट. नियम केला: कमाल तीन टेक, त्यातला बरा तो वापरायचा. मध्ये चुकलं तर कॅमेरा थांबवायचा नाही. दोन टाळ्या वाजवायच्या, श्वास घ्यायचा, तेच वाक्य पुन्हा. संपादन करताना आवाजाच्या रेषेत टाळ्यांची दोन टोकं उभी दिसतात, तिथे कापायचं.

मग पाहणं. सरांनी स्वतःचा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नव्हता. "आवाज माझा वाटतच नाही." वाटणार नाहीच. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही, त्यामुळे तो जास्त भरीव वाटतो. ध्वनिमुद्रणात हाडांचा वाटा नसतो. बाकीच्यांनी मात्र आयुष्यभर तोच पातळ आवाज ऐकलेला असतो. पाहण्याआधी सरांना लिहायला लावलं: हात किती थरथरलेला दिसेल, १० पैकी? त्यांनी ८ लिहिले. मग एकदा आवाज बंद करून पाहायचं, एकदा फोन पालथा ठेवून फक्त ऐकायचं, एकदा दोन्ही. पाहून झाल्यावर त्यांनी स्वतःच २ लिहिले. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०००च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांचं लक्ष गेलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांचं गेलं होतं.

पायऱ्या हळूहळू चढवल्या. आधी नुसता आवाज एका विद्यार्थ्याला पाठवायचा, मग फक्त हातांचा व्हिडिओ, मग चेहऱ्यासह पण त्या एकालाच, मग सगळ्या बॅचला, मग सगळ्यांसाठी. भीती निम्म्यावर येईपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं. सर हातांच्या व्हिडिओवर तीन आठवडे अडकले होते, त्यात काही बिघडलं नाही.

एक गोष्ट त्यांनी चौथ्या भेटीत सांगितली. एका वाद्यवृंदातल्या मित्राने 'स्टेजची गोळी' म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिली होती. धडधड आणि थरथर ती कमी करते, मंचावरचे काही कलाकार घेतातही, पण दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते, आणि सरांना लहानपणापासून दमा. गोळ्या त्यांनी घेतल्या नव्हत्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि भीती कॅमेऱ्यापुरती नसेल, बँकेत बोलणं, फोन उचलणं, चारचौघांत जेवणं हेही टाळलं जात असेल, किंवा रेकॉर्डिंगआधी दारू लागत असेल, तर या युक्त्या पुरत नाहीत. प्रत्यक्ष उपचार घ्यावेत. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे.

सरांचं पहिलं वाक्य अजूनही अडकतं. त्यावर त्यांनीच तोडगा काढला आहे. कॅमेरा सुरू केल्यावर ते आधी काहीही बोलतात, दुपारी काय जेवले ते सांगतात, गिटारच्या तारा लावतात, मग प्रश्न लावतात. व्हिडिओ तिथून पुढे सुरू होतो. मागचं दीड मिनिट कापून टाकतात, आणि परवा त्यातलाच एक तुकडा, वांग्याच्या भाजीचा, चुकून तसाच राहिला. त्याखाली ११ जणांनी पाककृती विचारली आहे.